तांत्रिक पुस्तकं, स्थानिक इतिहास की कादंबऱ्या : महिन्याचे हजार रुपये कशावर घालावेत?

नोकरीनिमित्त कोल्हापुरात नवीन आलोय, महिन्याला हजारेक रुपये पुस्तकांसाठी काढतो, ते तांत्रिक पुस्तकांवर घालू, इथल्या इतिहासावर की कादंबऱ्यांवर, असं तुम्ही विचारलंय. मी इथल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या, कामात आहे आणि तिन्ही वाचतो. माझं मत असं की तांत्रिक आणि इतिहासाची पुस्तकं विकत घ्या, कारण ती पुन्हा पुन्हा उघडावी लागतात. कादंबरी आधी वाचनालयातून आणा, मनातून जाईना झाली की मग घ्या.

पुस्तक चाळताना मी एकच बघतो. लेखकाला हे कुठून कळलं, ते पानावर दिसतंय का?

ग्रे आयर्नसाठी (म्हणजे बिडासाठी) पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा करतात तो नमुना, मीटरला साधारण १० मिलिमीटर मोठा ठेवा, कारण धातू गार होताना आकसतो, हे कुठलंही गाइड सांगतं. पण स्टीलला जवळजवळ दुप्पट का सोडावं लागतं? ग्रे आयर्न गोठताना आत ग्राफाइट तयार होतं, ते जागा व्यापतं, त्यामुळं आकसणं काही अंशी भरून निघतं. हे कारण देणारं पुस्तक घ्या. उद्या वेगळा धातू समोर आला तरी डोकं चालेल. जुनी आवृत्ती स्वस्तात मिळाली तर धातुशास्त्राची प्रकरणं बिनधास्त वाचा, मानकांचे तक्ते मात्र तिच्यातून उचलू नका, ते बदलत राहतात.

इतिहासाबद्दल जास्त बोलायचंय, कारण कच्ची पुस्तकं इथंच जास्त निघतात. शाहू महाराजांवरचं कुठलंही पुस्तक हातात आलं की २६ जुलै १९०२ चा हुकूम त्यात कसा दिलाय ते आधी काढून बघा. ‘मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या’ एवढं सांगून लेखक पुढं गेला असेल तर परत ठेवा. करवीर सरकारच्या, म्हणजे कोल्हापूर संस्थानच्या, गॅझेटात आलेल्या त्या हुकमात आणखी एक गोष्ट आहे. यापुढं ज्या नेमणुका होतील त्यांचा तपशील प्रत्येक खातेप्रमुखानं दर तीन महिन्यांनी सादर करायचा. मला ही ओळ फार मोलाची वाटते. महाराज त्या वेळी इंग्लंडच्या दौऱ्यावर होते, आणि हुकूम पाळला जातोय का हे तपासायची सोय त्याच कागदात करून ठेवलेली होती. त्यांचा कारभार किती बारीक होता हे पानभर विशेषणांनी कळत नाही, या ओळीनं कळतं.

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा कोल्हापूरवरचा २४ वा खंड (१८८६) नेटवर फुकट मिळतो. गावं, पिकं, बाजार, नद्या यांसाठी त्याला तोड नाही. पण तो राज्यकर्त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी केलेला आहे. १८५७ साली इथल्या पलटणीनं उठाव केला, पुढं राजांचे धाकटे भाऊ चिमासाहेब यांना इंग्रजांनी कराचीला नेऊन ठेवलं. हा भाग त्यात वाचला की साहेबाला काय वाटलं तेवढं कळतं. लोकांना काय वाटलं ते दुसरीकडं शोधावं लागतं.

आणि स्मरणिका रद्दीत घालू नका, मग ती तालमीची असो, साखर कारखान्याची असो नाहीतर देवळाच्या जीर्णोद्धाराची. लेखांत कौतुकच जास्त असतं, पण जाहिरातींची पानं बघा. कुठल्या पेठेत कसलं दुकान होतं, फोन नंबर किती आकडी होता, कुठलं इंजिन खपत होतं, हे जाडजूड ग्रंथांत सापडत नाही.

कादंबरीबाबत माझं म्हणणं अनेकांना पटत नाही. ऐतिहासिक कादंबरी जरूर वाचा, पण तिच्यातला संवाद पुरावा म्हणून सांगू नका. कट्ट्यावरच्या वादात असे दाखले सर्रास येतात, आणि त्यात इतिहासाइतकंच कादंबरीचंही नुकसान आहे. लेखकानं मेहनतीनं रचलेलं कुणी त्याचं म्हणून वाचतच नाही.

तुम्ही कारखान्यात असाल तर कागलच्या आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) आधी वाचा. नारबा हा मळ्यावरचा गडी, जनावरं हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो आणि त्याचं सगळं जग विस्कटत जातं. शेतीपंपाची ऑइल इंजिनं करून उद्यमनगरानं नाव कमावलं, त्याचा आम्हाला अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. पण यंत्र शेतात पोचल्यावर बैलामागं चालणाऱ्या माणसाचं काय झालं, हे मला धंद्यातल्या एकाही पुस्तकात मिळालं नाही, ते नारबाकडून कळलं. वैरण, शेण, औत यातलं यादवांना सगळं हातानं ठाऊक होतं, हे ओळीओळीत जाणवतं.

वाचनालयासाठी करवीर नगर वाचन मंदिराचे सभासद व्हा, ते १८५० पासूनचं आहे. यंदाचे हजार रुपये मात्र शाहू छत्रपतींच्या कागदपत्रांच्या एखाद्या खंडासाठी बाजूला ठेवा. हे खंड इंग्रजीत आहेत. १९०२ सालची पानं ज्यात असतील तोच आधी मागा.