पर्समधला फोन गरम का होतो?

प्रश्न : मी केरी-सत्तरीची. रोज साखळीवरून बसने पणजीला नोकरीला जाते. सकाळी फोन पूर्ण चार्ज असतो, संध्याकाळी कदंब स्टँडवर पोचते तेव्हा १५-२० टक्के उरलेले असतात. माहेर बेळगावला. चोर्ला घाटातून जाताना तर फोन पर्समध्येच असतो, तरी काढून बघावा तर गरम! मुलगा म्हणतो, मागे उघडी राहिलेली ॲप्स बंद करत जा. दुकानदार म्हणतो, बॅटरी बदला. फोन दीड वर्षाचा आहे. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, केरी

उत्तर : ताई, तूर्त दोघांचंही ऐकू नका. बॅटरी कुठे जाते ते तुमच्या पत्रातच आहे. पर्समध्ये पडलेला फोन घाटात गरम होतो म्हणजे तो रेंज शोधतोय. टॉवर जवळ असला की फोन अगदी थोड्या शक्तीत बोलतो. टॉवर लांब, मध्ये डोंगर आणि रान, की तो आपली शक्ती वाढवत नेतो. फेरीबोट पलीकडच्या धक्क्याला असली की हाक मारायला गळा फाडावा लागतो ना, तसं. रेंज पूर्णच गेली, तरी तो गप्प बसत नाही. थोड्या थोड्या वेळाने सगळ्या बँडवर, म्हणजे रेडिओ लहरींच्या सगळ्या पट्ट्यांवर, टॉवर शोधत राहतो. फोनमध्ये दोन सिम असतील तर हा उद्योग दुप्पट.

म्हणून घाट सुरू झाला की सरळ फ्लाइट मोड लावा. वर पोचल्यावर काढा. माहेरी आधी सांगून ठेवा, नाहीतर फोन लागत नाही म्हणून तिकडे घालमेल. उतरवून ठेवलेली गाणी फ्लाइट मोडमध्येही वाजतात. नकाशा आधी ऑफलाइन उतरवून ठेवला असेल तर बहुतेक फोनांत तोही चालतो, कारण जीपीएसला मोबाइलची रेंज लागत नाही. तो उपग्रहांचे संकेत नुसते ऐकतो.

रोजच्या पणजीच्या वाटेसाठी दुसरा उपाय. सेटिंग्जमध्ये मोबाइल नेटवर्कखाली ५जी ऐवजी ४जी निवडा. गावाकडे ५जी धड मिळत नाही आणि धड सुटतही नाही, फोन दोन्हींत उड्या मारत बसतो. व्हॉट्सॲपला आणि बातम्यांना ४जी पुरून उरतं. ज्या सिमला केरीत रेंजच नसते, ते घरी असताना बंद ठेवा. कचेरीत वायफाय असेल तर ते वापरा. कमजोर मोबाइल डेटापेक्षा ते नेहमीच स्वस्तात पडतं.

आता मुलाचं म्हणणं. माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर येणारी निम्मी माणसं बोलता बोलता बोटाने ॲप्स वर ढकलत असतात, माश्या हाकलल्यासारखी. त्याने काही वाचत नाही. ॲप पुन्हा मुळापासून उघडायला उलट जास्त काम पडतं. एखादं ॲप खरंच खात असेल तर ते सेटिंग्जमधल्या बॅटरीच्या पानावर दिसतं. तेवढ्याचाच मागे चालण्याचा परवाना काढून घ्या. त्याच पानावर स्क्रीनचा खर्चही बघा. बसच्या खिडकीशी बसून व्हिडिओ बघत असाल तर उन्हामुळे उजेड आपोआप पूर्ण वर जातो, आणि मग रेंजला दोष देऊन उपयोग नाही. डार्क मोडचा फायदा फक्त ओलेड स्क्रीनवर होतो. तिथे काळा ठिपका म्हणजे विझलेला ठिपका. साध्या एलसीडीत मागचा दिवा जळतच राहतो.

बॅटरी बदलायची घाई नको. आठवडाभर वरचं करून बघा. फोन ३० टक्क्यांवरून एकदम बंद पडत असेल किंवा मागचं झाकण फुगलं असेल, तर मात्र त्याच दिवशी दुकानात न्या.

आणि हल्ली ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायचं जे सोवळं निघालंय, ते घरी असताना पाळा, बॅटरी जास्त वर्षं टिकते. लांब जायच्या दिवशी १०० करूनच निघा. पॉवर बँक घ्यायची तर १०,००० एमएएचची पुरे. पण त्यावर ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरेल असं धरून चालू नका. तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ५ व्होल्ट करताना काही जातं, केबलमध्ये काही जातं. दीड वेळा भरला तर पॉवर बँक चांगली समजायची.

प्रश्न : मी म्हापशाला पायलट आहे, म्हणजे मोटरसायकलवरून भाडी मारतो. फोन हँडलच्या होल्डरवर असतो, मॅप चालू, गाडीवरच चार्जिंग. तरी दुपारपर्यंत बॅटरी उतरते. पैसे घ्यायला क्यूआरही फोनवरच दाखवतो.
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : भाऊ, तुमचा शत्रू ऊन. ॲपल आपल्या फोनांसाठी ० ते ३५ अंशांची हवा योग्य मानते. मे महिन्यात आपल्याकडे सावलीतच पारा त्याच्या आसपास असतो; हँडलवर, उन्हात, पूर्ण उजेडावर, वर चार्जिंग लावलेलं, म्हणजे विचारूच नका. फोन तापला की तो स्वतःच चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. तुम्हाला वाटतं चार्ज होतोय, आणि आकडा खालीच. गिऱ्हाईक नसताना फोन खिशात, गाडी सावलीत. हडफडे, पर्रा, शिवोली या वाटा तुम्हाला पाठ आहेत, तिथे मॅप कशाला? नवख्या वाटेवरही स्क्रीन बंद ठेवून इअरफोन एका कानात घातला की वळणं ऐकू येतात.

क्यूआर आजच छापून घ्या, लॅमिनेट करून गाडीला लावा. प्रत्येक भाड्याला पूर्ण उजेडात स्क्रीन जळते ती वाचेल, आणि फोन गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा लागणार नाही.

पावसाळ्यात फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून चार्जिंग लावू नका, आत उकडतो. पोर्टमध्ये ओल असल्याची सूचना आली तर केबल काढा, फोन पोर्ट खाली करून हळूच झटका आणि वाऱ्यावर ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरू नका, कण आत जाऊन बसतो आणि मग तो काढायला माझ्याकडेच यावं लागतं.