आधी आकडा सांग

तुझा मेल काल दोनदा वाचला. व्हिडिओ एडिटिंगचा कोर्स अर्धा, ग्राफिक डिझाइनचा पाऊण, सबटायटल्सचा पूर्ण, आणि आता कॉपीरायटिंगकडे वळू का, असा प्रश्न. वळू नकोस. सबटायटल्स येतात ना तुला? मग तेच धर. नवा कोर्स म्हणजे गिऱ्हाइकाला सामोरं जाणं लांबणीवर टाकणं. मला ते लगेच ओळखू येतं, कारण मी दोन वर्षं तेच केलं.

पण त्याहून जास्त सललं ते तुझं शेवटचं वाक्य: ‘पहिलं काम फुकट करून देते, असं गिऱ्हाइकाला सांगितलंय.’ का सांगितलंस? फुकट करू नकोस.

मी केलंय. ११ मिनिटांचा व्हिडिओ होता. ‘अनुभव मिळेल’ म्हणाले. त्या फाइलला मी १९ वेळा हात लावला. एक म्हणे वाक्यं छोटी करा, दुसऱ्याला शब्दन् शब्द हवा. मग तिसऱ्याने मूळ व्हिडिओच चार ठिकाणी कापला आणि एसआरटी फाइलमधल्या (सबटायटल्सचा मजकूर आणि ती कधी दिसायची ते जिच्यात असतं, ती फाइल) वेळा प्रत्येक कापापुढे वेगवेगळ्या अंतराने चुकल्या. त्यात माणसं वाईट नव्हती. फुकट मिळतंय म्हटल्यावर आधी आपसात ठरवून घ्यावं, असं कुणाला सुचलंच नाही. पुढे असंच काम पैसे घेऊन केलं, तेव्हा त्यांनी बोलायला एकच माणूस नेमला आणि दोन दुरुस्त्यांत विषय संपला.

‘पण नमुना कुठून आणू?’ घरी कर. दोन-दोन मिनिटांचे तीन तुकडे स्वतः रेकॉर्ड कर: एकात भरभर बोलणारा, एकात एकमेकांचं बोलणं तोडणारे दोघं, एकात नावं आणि आकडे. पडद्यावर एका वेळी दोनच ओळी, आणि ओळ तोडायची ती अर्थ बघून. ‘मी त्याला भेटले’ एवढं वरच्या ओळीत आणि ‘नाही’ खाली टाकलंस, तर वाचणाऱ्याला क्षणभर उलटाच अर्थ लागतो. ‘मी त्याला’ वर, ‘भेटले नाही’ खाली. हे ज्याला दिसतं त्याने पैसे मागावेत, प्रमाणपत्रं असोत-नसोत.

एका मिनिटाच्या व्हिडिओला तुला किती वेळ लागतो, ते घड्याळ लावून मोज. तपासणीचा वेळही त्यात धर. त्यावरून मिनिटाचा दर काढ. निम्मे पैसे आगाऊ. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीचे वेगळे. मूळ व्हिडिओ बदलला तर ते नवं काम. हे सगळं मेलवर, फोनवर नाही.

मला लोक हटवादी म्हणतात. आगाऊ रकमेवरून एक जुनी मैत्रीण दुरावली. तिची अडचण मला ठाऊक होती, तरी मी अडून बसले. तिला दर कमी सांगायला हवा होता, हे आज कबूल करते. पण फुकट? नाही. त्या वेळी फुकटची तीन कामं अंगावर होती आणि एकालाही मी न्याय देत नव्हते. तिचंही चौथं झालं असतं, आणि तिची फाइल मी रखडवली असती. कमी घे, हप्त्याने घे. फुकट करू नकोस.

त्या गिऱ्हाइकाला आजच लिही की काम करायला आवडेल, दर असा, आगाऊ इतके. पाठवण्याआधी मला दाखव. त्यात ‘तुम्हाला जमेल तसं’ दिसलं, तर खोडून परत पाठवीन.