सॅमसन सियासिया चांगला कोच होता का?

प्रश्न दोन भागांत आलाय. कोच म्हणून दोनदा ऑलिंपिक पदक मिळवणारा नायजेरियाचा हा माजी स्ट्रायकर सीनियर संघाबरोबर का फसला, आणि त्याच्यावर आजन्म बंदी आहे हे खरं का.

बंदीचं आधी सांगतो, कारण अर्धवट माहिती सगळीकडे फिरतेय. फिफाने ऑगस्ट 2019 मध्ये आजन्म बंदी घातली होती, हे खरं. पण जून 2021 मध्ये लोझानच्या क्रीडा लवादाने ती पाच वर्षांवर आणली आणि 50,000 स्विस फ्रँकचा दंडही काढून टाकला. ही पाच वर्षं 16 ऑगस्ट 2019 पासून मोजायची होती, म्हणजे ऑगस्ट 2024 मध्ये बंदी संपली. त्यात काय घडलं ते खाली लिहितो. आधी खेळाडू, मग कोच.

आपल्याकडे नायजेरियन स्ट्रायकर म्हटलं की डेम्पोचा रँटी मार्टिन्स आणि चर्चिल ब्रदर्सचा ओडाफा ओकोली हेच आधी आठवतात. गोव्यात ज्यांनी ते सामने पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. दणकट अंगाचे, बॉक्समध्ये चेंडू मिळाला की गोल. सियासियांची जात वेगळी होती. ते पुढच्या मुख्य स्ट्रायकरच्या जरा मागून, मोकळ्या जागेत धावत येणारे. म्हणून त्यांच्या नावावर गोलांचे डोंगर नाहीत, 51 आंतरराष्ट्रीय सामन्यांत 16 गोल आहेत.

पण त्यातला एक पाहाच. 25 जून 1994, बॉस्टनजवळचं फॉक्सबरो, विश्वचषकात समोर अर्जेंटिना. आठव्या मिनिटाला जोडीदार स्ट्रायकर येकिनीने चेंडू पुढे सोडला आणि सियासिया बचावफळीच्या मधून आत घुसले. गोलकीपर इस्लास पुढे आलेला होता. जोरात मारायची घाई न करता त्यांनी चेंडू अलगद त्याच्या डोक्यावरून टाकला. पुढे कॅनिजियाच्या दोन गोलांनी अर्जेंटिना 2-1 ने जिंकली. तो मॅराडोनाचा विश्वचषकातला शेवटचा सामना ठरला, त्यामुळे लोकांना तेवढंच आठवतं.

क्लब कारकीर्द झटक्यात सांगता येईल: बेल्जियममध्ये लोकेरन, 1987 ते 1993. मग फ्रान्समध्ये नाँत, जिथे 1994-95 चं विजेतेपद मिळालं. त्यानंतर पोर्तुगाल, सौदी, ऑस्ट्रेलियात पर्थ ग्लोरी, इस्रायल. यातलं नाँत मला महत्त्वाचं वाटतं. कोच सुओदोचा तो संघ अख्ख्या मोसमात लीगचा एकच सामना हरला. पेद्रोस, लोको, उएदेक ही पोरं एका स्पर्शात चेंडू पुढे सरकवायची आणि पास दिला की जागा बदलायची. पुढे सियासियांच्या युवा संघांत हेच दिसतं. ते तिथूनच आलं असावं असा माझा कयास आहे.

आता कोच सियासिया. 2005 ची 20 वर्षांखालील विश्वस्पर्धा नेदरलँड्समध्ये झाली. पहिला सामना ब्राझीलशी 0-0. दुसऱ्यात कोरियाविरुद्ध आघाडीवर असताना शेवटच्या काही मिनिटांत दोन गोल खाऊन 1-2 हार. एवढ्यात कुठलाही पोरांचा संघ कोलमडतो. हे मात्र पुढच्या सामन्यात स्वित्झर्लंडला तीन मारून आले. उपांत्यपूर्व फेरीत यजमान नेदरलँड्सला त्यांच्याच प्रेक्षकांसमोर पेनल्टीवर 10-9 असं हरवलं, उपांत्य फेरीत मोरोक्कोला 3-0. उट्रेक्टच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाकडून 1-2. अर्जेंटिनाचे दोन्ही गोल पेनल्टीवर, दोन्ही मारणारा अठरा वर्षांचा मेस्सी. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूंत मेस्सीच्या मागे दुसरा आणि तिसरा कोण? ओबी मिकेल आणि ताये ताइवो, दोघेही सियासियांचे.

2008, बीजिंग. याच पिढीचा ऑलिंपिक संघ, पण मिकेलशिवाय. तो पात्रतेच्या सामन्यांना आला नाही म्हणून सियासियांनी त्याला वगळलं. तेव्हा मिकेल चेल्सीत होता. अशा नावाला घरी ठेवायला छाती लागते, आणि मला तो निर्णय आजही बरोबर वाटतो. जी पोरं पात्रता खेळली त्यांना बाजूला सारून ऐनवेळी तारा आणून बसवला असता तर संघात कुणी कोचचं ऐकलं असतं? उपांत्य सामन्यात बेल्जियमला 4-1 ने लोळवलं. अंतिम सामन्यात परत अर्जेंटिना. भर दुपारची वेळ, उकाडा इतका की पाणी प्यायला दोनदा खेळ थांबवावा लागला. मेस्सीच्या पासवर दि मारिया एकटा सुटला आणि त्याने पुढे आलेल्या गोलकीपर वॅनझेकिनच्या डोक्यावरून चेंडू अलगद टाकला. 0-1. सियासियांनी स्वतः 1994 मध्ये अर्जेंटिनाला मारलेला गोल आणि हा गोल लागोपाठ बघा. जवळजवळ तोच फटका आहे.

मग सीनियर संघ. 2010 च्या अखेरीस त्यांच्याकडे सूत्रं आली तेव्हा आफ्रिकन करंडकाच्या पात्रतेत नायजेरिया गिनीकडून आधीच हरली होती. हा हिशेब त्यांच्या खाती घालणं अन्यायाचं आहे, आणि तो सर्रास घातला जातो. पण इथिओपियात 2-2 ही बरोबरी त्यांचीच. आणि 8 ऑक्टोबर 2011 ला अबुजात गिनीविरुद्ध जिंकणं भाग असताना भरपाई वेळेत गोल खाऊन 2-2 झालं, तेही त्यांचंच. नोकरी गेली.

2016 च्या मार्चमध्ये, तेव्हाचे कोच ओलिसेह सोडून गेल्यावर, घाईघाईने त्यांनाच बोलावलं. कडुनात इजिप्तविरुद्ध 1-0 पुढे, आणि पुन्हा भरपाई वेळेत सालाहचा गोल. चारच दिवसांनी अलेक्झांड्रियात 0-1. नायजेरिया पुन्हा करंडकाबाहेर.

घरच्या मैदानावर दोनदा शेवटच्या मिनिटांत हातातला सामना गेला. याला नुसतं नशीब म्हणून सोडून देता येणार नाही. माझं मत असं: सियासिया हे शिबिराचे कोच. पोरं काही आठवडे हाताखाली द्या, ते त्यांना एकत्र बांधतात, धाकात ठेवतात, आणि ही पोरं मग कुणालाही घाबरत नाहीत. सीनियर पात्रतेत हे मिळत नाही. खेळाडू युरोपातून सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी उतरतात, दोन सरावांत काय ते उरकायचं, आणि 1-0 किंवा 2-1 पुढे असताना सामना थंड करायचा. चेंडू कोपऱ्यात न्यायचा, वेळ खायचा, बचावाचा माणूस आत आणायचा. हे थंड डोकं त्यांच्या संघांत कधी दिसलं नाही. त्यांच्यानंतर आलेले स्टीफन केशी 1994 च्याच संघाचे, पण बचावपटू. त्यांनी 2013 चा करंडक जिंकून दाखवला, अंतिम सामन्यात बुर्किना फासोविरुद्ध 1-0. त्यांना 1-0 राखता यायचं.

आता 2016 चं रिओ ऑलिंपिक. माझ्या मते कोच म्हणून त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच.

सुरुवात नोव्हेंबर 2015 पासून करायला हवी. सेनेगलला 23 वर्षांखालील आफ्रिकन स्पर्धेला जायच्या तोंडावर बायेल्सा राज्यातल्या गावाकडच्या घरून त्यांच्या वृद्ध आईला बंदूकधाऱ्यांनी पळवून नेलं. काही दिवसांनी तिची सुटका झाली. सियासिया संघ घेऊन सेनेगलला गेले, स्पर्धा जिंकले आणि ऑलिंपिकला पात्र ठरले.

2016 मध्ये तयारीचं शिबिर अटलांटात. कोचला कित्येक महिने पगार नाही. विमानाच्या पैशांचा घोळ होऊन संघ अटलांटातच अडकला. ब्राझीलमधल्या मनाऊसला उतरले तेव्हा जपानविरुद्धचा सामना सात-एक तासांवर आला होता. मैदान पाहायला वेळ नाही, धड झोप नाही. आणि 13 मिनिटांत 2-2! पुढे एतेबोचे एकूण चार गोल, नायजेरिया 5-2. शेवटी पाय गळाले, जपानने दोन भरून काढले, 5-4 वर सुटका झाली. त्यानंतर स्वीडनला हरवून गट जिंकला, डेन्मार्कला 2-0, जर्मनीकडून 0-2 हार, आणि होंडुरासला 3-2 हरवून कांस्य. कर्णधार होता मिकेल, तोच 2008 मध्ये वगळलेला. या वेळी त्याने संघाच्या खर्चासाठी स्वतःच्या खिशातले पैसे घातल्याच्या बातम्या आल्या होत्या. या संघाचे हाल वाचून ताकासु नावाच्या एका जपानी सर्जनने 3,90,000 डॉलर देऊ केले आणि दिलेही. ज्या महासंघाने संघाला विमान वेळेत दिलं नाही त्याच्यावर मला अजूनही राग आहे.

आता बंदीचं. 2010 मध्ये सामने फिक्स करणाऱ्या विल्सन राज पेरुमलशी सियासियांचा ईमेल व्यवहार झाला होता. एका ऑस्ट्रेलियन क्लबच्या कोचपदाची बोलणी, आणि त्यासोबत पेरुमलच्या पसंतीचे खेळाडू खेळवायची अट. यावर फिफाने त्यांना दोषी ठरवलं. लवादाने दोष मान्य ठेवला, तो पुसला नाही, हे त्यांच्या चाहत्यांनीही लक्षात ठेवावं. पण पहिलाच गुन्हा, तोही स्वतः पुढाकार न घेता झालेला, आणि फुटबॉलवर त्याचा थेट परिणाम झालेला नाही, म्हणून आजन्म बंदी अवाजवी ठरवली. मला हा निकाल पटतो. ती माणसं कोण आहेत हे कळल्यावर बोलणी तोडून तक्रार करणं हे कोचचं काम होतं, ते त्यांनी केलं नाही. त्याची शिक्षा पाच वर्षं ही कमी नव्हे. फिफाचा निर्णय जाहीर झाला तेव्हा त्यांची आई पुन्हा अपहरणकर्त्यांच्या ताब्यात होती, जुलै 2019 पासून सुमारे दहा आठवडे. लवादापर्यंत जायला लागणाऱ्या पैशांसाठी त्यांना लोकांपुढे हात पसरावे लागले.

तर शीर्षकातल्या प्रश्नाला माझं उत्तर: युवा आणि ऑलिंपिक संघांसाठी आफ्रिकेतल्या अव्वल कोचपैकी एक, सीनियर पात्रतेसाठी नाही. तुम्हाला एकच सामना बघायला वेळ असेल तर जपानविरुद्धचा 5-4 बघा आणि एतेबो चेंडूशिवाय कुठे धावतो तिकडे लक्ष ठेवा. दोन बघायचे असतील तर त्याआधी उट्रेक्टचा अंतिम सामना.