डेल्टा जी निगेटिव्ह असेल तर रिअ‍ॅक्शन होणारच आणि पॉझिटिव्ह असेल तर अशक्य, असं क्लासचे सर सांगतात. हे खरं आहे का?

‘होणारच’ हे चूक आणि ‘अशक्य’ हे बहुतेक वेळा त्याहून चूक. सरांना सिलॅबस संपवायचा असतो, समजू शकतो. पण याच ‘होणारच’पायी एका चांगल्या माणसाला मेमो मिळालेला मी पाहिलाय, म्हणून जरा लांबण लावतो.

डेल्टा जी म्हणजे रिअ‍ॅक्शनमध्ये मुक्त ऊर्जेत (गिब्ज फ्री एनर्जीत) होणारा बदल. पहिला भाग पटकन उरकू. हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं पाणी होताना डेल्टा जी मोलमागे उणे २३७ किलोज्यूल. तरी दोन्ही वायू एकत्र भरून ठेवले तर ठिणगी पडेपर्यंत ढिम्म. हिऱ्याचं ग्राफाइट होण्याचा आकडाही निगेटिव्हच आहे, साधारण उणे २.९. त्यामुळे गोखले रोडवरच्या सराफांनी दुकानं बंद केलेली नाहीत. डेल्टा जी दिशा सांगतो, वेग सांगत नाही. वेगासाठी काइनेटिक्सचा धडा वेगळा आहे, तो वाचा.

दुसऱ्या भागावर माझं जुनं भांडण आहे.

रबाळे एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत मी शिफ्ट केमिस्ट होतो. शेवटचा टप्पा ट्रे ड्रायरचा: सेंट्रिफ्यूजमधून ओला केक, म्हणजे मालाचा लगदा, काढायचा, ट्रेमध्ये पसरायचा, गरम हवा सोडायची. माल नाजूक, ४० अंशांच्या वर नेला की रंग बदलायचा. जानेवारीत बॅच मुकाट सुकायची. जुलै लागला की ओलाव्याचा आकडा खाली येत येत मर्यादेच्या जरा वर ठाण मांडून बसायचा. रात्रभर ड्रायर चालवला तरी सकाळी क्यूसीचा, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागाचा, फोन, ‘एलओडी फेल’, म्हणजे ओलावा मर्यादेबाहेर.

प्रॉडक्शन मॅनेजरसाहेबांचं निदान ठरलेलं: नाइट शिफ्टला ऑपरेटर झोपतात, केक फोडत नाहीत, ट्रे फिरवत नाहीत. ‘अहो, पाणीच आहे ना ते? गरम हवा लागली की उडणारच. अजून आठ तास द्या.’ ड्रायरवर जे ऑपरेटर होते त्यांना सगळे मामा म्हणायचे, केस त्या ड्रायरसमोरच पिकलेले. मामांनी एकदाच तोंड उघडलं: ‘साहेब, हवाच ओली हाय, मालानं काय करायचं?’ साहेब हसले, आणि आठवड्याभरात मामांच्या हातात निष्काळजीपणाचा मेमो.

मामांचं वाक्य आकड्यांत मांडून बघा. पाण्याची वाफ होण्याचा स्टँडर्ड डेल्टा जी २५ अंशांना अधिक ८.६ किलोज्यूल. चांगला पॉझिटिव्ह. सरांच्या नियमाने ठाण्यात एकही कपडा वाळायला नको. वाळतो, कारण इथे ‘स्टँडर्ड’ म्हणजे वाफेचा दाब १ बार, आणि गॅलरीतल्या हवेत वाफेचा दाब त्याच्या तीन-चार टक्क्यांच्या पुढे क्वचितच जातो. खरा डेल्टा जी काढायचा तर स्टँडर्ड आकड्यात आरटी (वायू स्थिरांक गुणिले केल्विनमधलं तापमान) गुणिले क्यूचा नॅचरल लॉग मिळवावा लागतो; इथे क्यू म्हणजे हवेतल्या वाफेचा बारमधला दाब. २५ अंशांना आर्द्रता ६० टक्के असेल तर उत्तर उणे १.३ येतं, ९५ टक्के असेल तर जेमतेम उणे ०.१३. शंभर टक्क्यांना शून्य. पावसाळ्यात चड्ड्या-बनियन तीन-तीन दिवस दोरीवर का लोंबतात, ते या एका ओळीत आहे.

शिवाय वाफ होताना मोलमागे ४४ किलोज्यूल उष्णता शोषली जाते. म्हणजे ‘उष्णता बाहेर पडते तेच आपोआप होतं’ हा दुसरा लाडका समजही इथेच निकालात. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थेलो तेच ठासून सांगत होता. त्याला थोडी सवलत देऊ, मुक्त ऊर्जेची कल्पना मांडणाऱ्या गिब्जचा मोठा निबंध छापून यायला १८७६ ते १८७८ उजाडलं. आजच्या क्लासवाल्यांना ती सवलत नाही.

आता ड्रायर. जुलैतली बाहेरची हवा २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता धरा. ती ४० अंशांना तापवली की आर्द्रता ४६ टक्क्यांच्या आसपास येते. जानेवारीतली २५ अंश आणि ५० टक्क्यांची हवा तेवढीच तापवली तर २१. ड्रायर तोच, सेटिंग तेच, पण मोकळ्या पाण्यासाठी डेल्टा जी जुलैत उणे २ किलोज्यूल आणि जानेवारीत उणे ४. मोकळं पाणी दोन्ही वेळा उडून जातं. मालाने शेवटपर्यंत धरून ठेवलेल्या पाण्याची मुक्त ऊर्जा मात्र मोकळ्या पाण्यापेक्षा कमी असते, आणि माल सुकत जाईल तशी आणखी कमी होते. हा फरक २ किलोज्यूलवर पोचला की जुलैतला डेल्टा जी शून्य. समतोल. तिथून पुढे आठ तास द्या नाहीतर आठ दिवस, आकडा हलणार नाही. ट्रे फिरवून फार तर तिथवर लवकर पोचाल.

हे सगळं मी एका कागदावर मांडून साहेबांसमोर ठेवलं होतं. तापमान वाढवता येत नाही, तर आत येणारी हवा आधी कोरडी करा किंवा व्हॅक्यूम लावा, क्यू खाली आणा. ‘थिअरी कॉलेजात,’ एवढंच उत्तर मिळालं. पुढच्या पावसाळ्याआधी डिह्युमिडिफायर आला, माल सुकला आणि श्रेय साहेबांच्या प्रेझेंटेशनला गेलं. मामांच्या फाइलमधला मेमो कुणी काढला नाही. साहेब केमिकल इंजिनिअर होते, हे सांगायचं राहिलं.

अमोनियाचंही तेच. २५ अंशांना दोन मोल अमोनियामागे स्टँडर्ड डेल्टा जी उणे ३३ किलोज्यूल, ४५० अंशांना चांगलाच पॉझिटिव्ह. तरी खतकारखान्यांत तो ४०० ते ५०० अंशांनाच बनवतात, कारण थंडीत वेग मिळत नाही. दाब शे-दोनशे पटींनी चढवायचा, बनलेला अमोनिया थंड करून काढून घ्यायचा, उरलेला वायू पुन्हा आत. पॉझिटिव्ह आकड्याचा अर्थ एवढाच की समतोलात माल कमी मिळेल.

सरांच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. तापमान आणि दाब कायम असताना, त्या क्षणीचा खरा डेल्टा जी (स्टँडर्ड नव्हे) पॉझिटिव्ह असेल, तर बाहेरून काम केल्याशिवाय गोष्ट त्या दिशेने जात नाही. इलेक्ट्रोलिसिसमध्ये ते काम वीज करते. तेव्हा सीईटीत नुसता डेल्टा जी दिला असेल तर सरांचंच उत्तर टिक करा, मार्क मिळतील. वरचे आकडे आदर्श वायू धरून काढलेत, आणि ज्यांचे ठरावीक हायड्रेट (पाणी ठरावीक प्रमाणात बांधून ठेवणारे स्फटिक) बनतात अशा मालात ओलावा टप्प्याटप्प्याने उतरतो, तिथला हिशोब वेगळा.

सरांना विचारायचंच असेल तर कपड्यांचं विचारा. अमोनियाचं विचारलंत तर ते ‘कॅटॅलिस्टमुळे होतं’ म्हणून सुटतील, आणि कॅटॅलिस्ट डेल्टा जीला हातही लावत नाही, यावरून नवा वाद सुरू होईल.