आजोबांचा अ‍ॅम्प्लिफायर सध्या माळ्यावरच राहू द्या

प्रश्न : आम्ही दारव्हा तालुक्यातले कास्तकार. माझ्या वडिलांचं बिछायत केंद्र होतं. त्यांचा लग्नाकार्यातला व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या काचेच्या नळ्यांचा, अ‍ॅम्प्लिफायर माळ्यावर पडून आहे. मुलीनं यंदा दहावी दिली. ती मोबाइलवर सतत व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचेच व्हिडिओ पाहते. तो डबा खोलू द्या म्हणते, दिल्लीहून तसाच नवा जोडायचं किट मागवा म्हणते. या जुन्या गोष्टीत काही भवितव्य आहे का? तिला आयटीआयला टाकू की अकरावी सायन्सला?
– एक वडील, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरवर पोट भरेल अशी नोकरी आपल्याकडे जवळपास नाही. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनं एकेकाळी बनवलेले व्हॉल्व्ह आज हौशी माणसं जुन्या बाजारात शोधत फिरतात. म्हणजे हा छंदच, आणि छंद म्हणूनच त्याच्याकडे पाहा. पण तो बंद करू नका. ट्रान्सफॉर्मर, रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा भाग), फिल्टर (तो डीसी सपाट करणारा), अर्थिंग हे त्या डब्यातले विषय इन्व्हर्टरमध्येही आहेत आणि शेतातल्या सौर पंपाच्या कंट्रोलरमध्येही. फरक इतकाच की नव्या यंत्रात सगळं चिपच्या पोटात दडलेलं असतं, तर जुन्या डब्यात प्रत्येक भाग वेगळा दिसतो. शिकणाऱ्याला याहून सोयीचं काय हवं?

मात्र डबा आज खोलायचा नाही. यात घासाघीस नको. आत 250 ते 400 व्होल्ट डीसी असतो, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, तो धरून ठेवतो. 100 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरवर 220 किलोओहमचा ब्लीडर रेझिस्टर (साठलेली वीज हळूहळू काढून टाकणारा) असला, तरी तो रिकामा व्हायला जवळपास दोन मिनिटं लागतात. ब्लीडर नसेल किंवा जळालेला असेल, तर कितीतरी जास्त. घरात जुना रेडिओ असेल, तर त्यालाही हात लावू देऊ नका. ज्यांच्या व्हॉल्व्हचं नाव ‘यू’ अक्षरानं सुरू होतं, यूसीएल82 सारखं, त्या सेटमध्ये बहुधा मेन्सचा (घरच्या विजेचा) ट्रान्सफॉर्मर नसतो. प्लग उलटा लागला तर अख्खी चॅसी, म्हणजे आतला पत्र्याचा सांगाडा, फेजवर येते.

आता पुढचं तिला वाचायला द्या.

बेटा, सुरुवात 9 व्होल्टच्या बॅटरीनं कर. ब्रेडबोर्ड (सोल्डरिंगशिवाय जोडणी करायची पाटी), थोडे रेझिस्टर, एलईडी, एक बरा मल्टिमीटर. ओहमचा नियम तुला पाठ असेल, पण मीटरवर तो खरा ठरताना पाहणं वेगळं. मग एलएम386 ही छोटी चिप घेऊन जुन्या स्पीकरवर आवाज काढ.

त्यानंतर 12 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर. याची मेन्सची बाजू मात्र गावातल्या वायरमनकडून फ्यूजसह डब्यात बंद करून घे. पुढे ब्रिज रेक्टिफायर आणि 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मीटर 15-16 व्होल्ट दाखवेल. 12 चे इतके कसे झाले, याचं उत्तर स्वतः शोध. ते सापडलं की 300 व्होल्टची सप्लाय कशी चालते हे तुला निम्मं कळलं. स्पीकरमधली घूं 50 हर्ट्झची की 100 ची, हेही इथंच उमगेल.

व्हॉल्व्ह तोवर कागदावर शीक. त्यात तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे इलेक्ट्रॉन जातात, आणि मधली ग्रिड नावाची जाळी म्हणजे ओलिताच्या पाटावरची फळी समज : ती थोडी हलली की मागचं सगळं पाणी कमीजास्त होतं. ईएल84 या पॉवर व्हॉल्व्हचं माहितीचं कोष्टक घे. प्लेटवर 250 व्होल्ट, कॅथोडला 135 ओहमचा रेझिस्टर, त्यावर साधारण 7.3 व्होल्ट. करंट किती? 54 मिलिअँपिअर. त्यातले 48 प्लेटचे, उरलेले स्क्रीन ग्रिडचे, म्हणजे दुसऱ्या जाळीचे. 250 ला 48 मिलिअँपिअरनं गुण, 12 वॉट येतात, आणि या व्हॉल्व्हची प्लेट तेवढंच सोसते. मग 135 च्या जागी 100 ओहम लावले तर काय होईल? तो रेझिस्टर अर्ध्या वॉटचा का घेत नाहीत? असे प्रश्न वहीत सोडव. व्हिडिओवाले यातलं फार थोडं सांगतात. त्यांना चमकणारी काच दाखवायची असते.

आणखी एक गणित आपल्या गावचं. थ्री फेज आली, सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या आणि घरातले 230 व्होल्ट 180 वर आले, तर व्हॉल्व्हमधल्या 6.3 व्होल्टच्या हीटरला (कॅथोड तापवणाऱ्या तारेला) किती मिळतील? पाचाच्याही खाली. इतक्यात कॅथोड नीट तापत नाही, आवाज दबतो आणि व्हॉल्व्हचंही नुकसान होतं.

भाऊ, आता प्रवेशाचं. गणित बरं असेल तर माझं मत तंत्रनिकेतनाला : दहावीनंतर तीन वर्षांची इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचारची पदविका. यवतमाळ, अमरावती, नागपूर इथं शासकीय तंत्रनिकेतनं आहेत, कुठं ही शाखा आहे ते प्रवेशाच्या वेळी पाहून घ्या. पदविकेनंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. गणितात मार्क कमी आणि हात चांगला असेल, तर आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक ट्रेड. तिथूनही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाची वाट आहे. अकरावी सायन्स वाईट नाही, पण ती दोन वर्षं सीईटीच्या तयारीत जातात आणि सोल्डरिंग आयर्नला कुणी हात लावत नाही. या मुलीसाठी मला ते पटत नाही.

किट यंदा नको. त्याच पैशातला थोडा भाग मल्टिमीटर आणि 25 वॉटच्या आयर्नवर घाला. तरी हट्ट धरलाच, तर तिला एवढंच विचारा : ईएल84 ला 5200 ओहमचा लोड हवा, स्पीकर 8 ओहमचा आहे, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजूंच्या वेढ्यांचं प्रमाण किती? उत्तर साधारण 25 ला 1 यायला हवं, आणि वर्गमूळ का घेतलं तेही तिला सांगता यायला हवं. ते जमलं आणि ब्रिज रेक्टिफायर तिनं स्वतः जोडून चालवला, की किटचं मला परत लिहा. तेव्हाही पहिल्यांदा वीज सोडताना जाणता माणूस शेजारी हवा.