मांजर ठेवा, पिंजऱ्याचं मात्र बघावं लागेल

ताई, तुमचं पत्र आणि फोटो दोन्ही बघितले. ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, दोन मांजरं, हॉलच्या खिडकीबाहेर दोन फूट पुढे आलेला जाळीचा पिंजरा, सेक्रेटरी तेव्हा तोंडी 'लावा लावा' म्हणाले आणि आता सोसायटीचं लेटर की सात दिवसांत काढा, मांजरं पण हटवा, नाहीतर महिना पाचशे दंड.

मांजरांचं टेन्शन घेऊ नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 ला स्पष्ट सांगितलंय की सोसायटी बहुमताने सुद्धा पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही, ते पत्रक मुळात कुत्र्यांबद्दल आहे हे खरं, पण मांजराला वेगळा न्याय कशाला असेल?

पिंजऱ्याचं मात्र कठीण आहे, खोटं कशाला सांगू. फोटोत बोल्ट सरळ बाहेरच्या भिंतीत गेलेले दिसतायत आणि फ्लॅट तुमचा असला तरी ती भिंत सोसायटीची, तिथे काही लावायचं तर कमिटीची लेखी परवानगी लागते, तोंडी 'लावा' ला काडीची किंमत नाही. वर महापालिकेने अनधिकृत बांधकाम म्हणून नोटीस काढली तर तो वेगळाच ताप. 'चौथ्या मजल्यावर पण बॉक्स ग्रील आहे' हे कोर्टात चालत नाही हो, त्यांचं बेकायदा म्हणून तुमचं कायदेशीर होत नाही. आणि खाली दुसऱ्या मजल्याची चादर वाळत घातलीय, तिच्यावर मांजरांच्या शी-शूच्या ट्रेमधली वाळू पडत असणार, खरी तक्रार तिथूनच आली असेल असं मला वाटतं.

आता सात दिवसांच्या आत लेखी उत्तर द्या आणि कॉपीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. लिहा की मांजरं राहणार, पिंजरा मी काढते, त्याऐवजी माझ्याच बाल्कनीत आतून जाळी लावायची परवानगी द्या, सोबत साधं ड्रॉइंग जोडा. मांजरांना बाल्कनीतून बाहेर बघायला मिळतंच की. दंडाचं म्हणाल तर उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत तरतूद, कारणे दाखवा नोटीस, जनरल बॉडीची, म्हणजे सगळ्या सभासदांच्या सभेची मंजुरी हे सगळं झाल्याशिवाय नुसत्या लेटरवर भरू नका, तरी बिलात घातलाच तर सहकार कायद्याच्या कलम 91 खाली सहकार न्यायालयात जाता येतं.

पिंजरा उतरवायच्या दिवशी खालच्या काकूंना आधी सांगा, चादर काढून घेतील.