मन की मेंदू? आधी संख्याशास्त्र

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे, ग्रुप पीसीएमबी. मन आणि मेंदू यांचा संबंध काय, यावरच काम करायचं म्हणते. फिलॉसॉफी की न्यूरोसायन्स, हे ठरत नाही. पुढे पोटापाण्याचं काय? – एक पालक

उत्तर : नमस्कार. दोन्हींपैकी काहीही घेऊ दे, फक्त गणित आणि संख्याशास्त्र सुटता कामा नये. का, ते एका प्रयोगातून पाहा. १९८३ साली मेंदूसंशोधक बेंजामिन लिबेट यांनी लोकांना वाटेल तेव्हा मनगट हलवायला सांगितलं. समोर २.५६ सेकंदांत एक फेरी मारणारा ठिपका. इच्छा झाली तेव्हा तो कुठे होता, हे सांगायचं. ईईजीचा (डोक्यावरून टिपलेल्या मेंदूच्या विद्युत हालचालींचा) आलेख हालचालीच्या सुमारे ५५० मिलिसेकंद आधीच सरकू लागलेला. इच्छेची जाणीव मात्र जेमतेम २०० मिलिसेकंद आधीची. मेंदूनं आधी ठरवलं, मनाला नंतर कळलं, असा बोभाटा झाला. पण एकेका नोंदीत हे दिसत नाही, इतका गोंगाट (नको असलेले चढउतार) असतो. चाळीसेक नोंदी हालचालीच्या क्षणाशी जुळवून सरासरी काढावी लागते. २०१२ मध्ये आरोन शर्गर आणि सहकाऱ्यांनी नेमकं इथंच बोट ठेवलं : मेंदूतले आपसूक चढउतार एका पातळीला पोचले की हात हलत असेल, तर तेवढेच क्षण वेचून काढलेल्या सरासरीत चढ दिसणारच. ‘निर्णय’ कशाला म्हणायचं, हे तत्त्वज्ञानाचं काम. सरासरीतली गोम संख्याशास्त्राची.

आयसर ही केंद्र सरकारची विज्ञान संस्था (पाच वर्षांचं बीएस-एमएस, प्रवेश आयएटी या तिच्या परीक्षेतून) हा पहिला पर्याय. नाही जमलं तर गणित, भौतिकशास्त्र किंवा मानसशास्त्रात पदवी आणि मग आयआयटी गांधीनगरला दोन वर्षांचं एमएस्सी कॉग्निटिव्ह सायन्स (मन आणि आकलनाचं विज्ञान). तिथे कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो. समुपदेशन ही वेगळी वाट आहे, गल्लत नको. संशोधनात पीएचडीशिवाय फारसं काही हाती लागत नाही. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये. डेटा हाताळता येत असेल तर उद्योगातही नोकरी मिळते, नुसत्या फिलॉसॉफीवर कठीण.

तत्त्वज्ञान मात्र वाचू द्या, मूळ ग्रंथांतून. क्वांटमनं मन सिद्ध झालं म्हणणारे व्हिडिओ नकोत. सांख्य दर्शनात मन, बुद्धी, अहंकार प्रकृतीतच मोडतात, चैतन्य तेवढं पुरुषाचं. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तची मन-शरीर फाळणी तिथे जशीच्या तशी बसत नाही.

परीक्षेनंतर तिला पायथॉन या संगणकभाषेतलं एमएनई हे मेंदूच्या नोंदी तपासायचं मोफत पॅकेज आणि त्याचा नमुना डेटा उतरवायला सांगा. आधी दहा नोंदींची सरासरी, मग चाळीसची. नोंदी चौपट, गोंगाट फक्त निम्मा. हे करताना ती रमते की वैतागते, ते पाहून मग फॉर्म भरा.